सुट्टी नेमकी कोणाला लागली?

घरातली लहान लेकरं उन्हाळ्यात दिवसभर कोण सांभाळतं? बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं : कॉलेजातून सुट्टीला आलेली ताई. मग दादा काय करतो?

एप्रिल-मे महिन्यातलं आपल्या जिल्ह्यातलं कोणतंही घर घ्या. सकाळी दहालाच अंगण तापलेलं असतं. पारा ४२ च्या पुढे गेला की पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणं मुश्कील होतं. शाळांना सुट्ट्या, अंगणवाडी सकाळच्या थोड्या वेळापुरती. लग्न झालेल्या लेकी माहेरी आलेल्या, सोबत त्यांची दोन-दोन लेकरं. घरातले पुतणे-पुतण्या आहेतच. नांदेड, परभणी, संभाजीनगर, पुण्याला शिकणारी पोरं-पोरी परीक्षा आटोपून, नाहीतर दोन पेपरांच्या मधली सुट्टी बघून घरी परतलेली. एका घरात दहा-बारा माणसं, त्यांत पाच-सहा लेकरं, दीड वर्षापासून आठ वर्षांपर्यंतची.

ऐकायला हे फार गोड वाटतं. आमरस, कैरीचं पन्हं, रात्री अंगणात टाकलेल्या बाजा, पत्त्यांचे डाव. उन्हाळी सुट्टीवर लिहिणारे बहुतेक जण इथंच रमतात. मला मात्र एक साधा प्रश्न विचारायचाय. आमरस करायला, पाहुण्यांना चहा द्यायला, शेतात जायला माणसं लागतात. ती सगळी कामाला लागली की ही पाच-सहा लेकरं कोणाच्या ताब्यात असतात?

"ताई आली ना आता!" एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणतं आणि दिवसभराची ड्युटी लागते. ही ताई कधी सख्खी बहीण असते, कधी आत्या, कधी मावशी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असते, किंवा नर्सिंगला, किंवा डीएड करत असते. तिच्याच वयाचा, तिच्यासारखाच शिकणारा दादा, काका किंवा मामा त्याच घरात असतो. "आला ना आता, घे लेकरं" असं त्याला कुणी म्हणत नाही. त्याला म्हणतात, "आलाय चार दिवस, झोपू दे."

माझं म्हणणं असं आहे, दोस्तांनो. लहान लेकरं सांभाळणं हे अख्खं काम आहे. सुट्टीला घरी आलेल्या प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, त्या कामाची ठरलेली पाळी घेतली पाहिजे. जमलं तर, मूड असला तर, मदत म्हणून, असं नाही. पाळी म्हणजे पाळी. शेतात पाण्याची पाळी असते तशी. आपली आली की मोटारीपाशी जावंच लागतं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

उन्हाळा हा कामाचा सीझन आहे

शहरातल्या मासिकांत उन्हाळा म्हणजे आराम असतो. हिंगोली जिल्ह्यात तसं नाही. आपल्याकडे हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण ती हळद बाजारात जाईपर्यंत काय काय होतं, ते घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चपासून काढणी सुरू होते. जमीन ट्रॅक्टरने उकरली तरी कंद वेचायला, माती झटकायला, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायला माणसंच लागतात, आणि त्या रांगेत बहुतेक बायका असतात. मग कुकरमध्ये शिजवणं, मग कडक उन्हात पंधरा-पंधरा दिवस वाळवणं, रोज हलवणं, अवकाळीचं आभाळ आलं की धावत जाऊन ताडपत्री टाकणं. मग पॉलिश, मग हिंगोली किंवा वसमतचं मार्केट.

याच दिवसांत घरात कुरडया, पापड, शेवया चाललेल्या असतात. वर्षाचं तिखट, हळद, डाळी करायच्या असतात. लग्नाची सराई असते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखाने बंद झाले की गावात परततात. सहा महिने उघड्यावर काढलेलं घर परत उभं करायचं असतं. पाण्याचं वेगळंच. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून आलं की सगळं सोडून भरायचं. म्हणजे आई, काकू, वहिनी, आजी यांच्यापैकी कुणीच रिकामं नसतं. लेकरांकडे बघायला माणूस कमी पडतो, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजातून ताई येते. घरच्यांचा दोष काढावा असं यात फारसं काही नाही. गरज खरीच आहे. ती कोणाच्या गळ्यात पडते, एवढाच माझा आक्षेप आहे.

लेकरं "बघणं" म्हणजे काय?

"बघ जरा लेकराकडं" हे वाक्य ऐकून वाटतं की नुसतं बघायचंय. करून बघितलंय त्यालाच कळतं. दीड वर्षाचं लेकरू सकाळी सहाला उठतं. शी-शू, अंघोळ, मग भरवणं. एका वाटीभर वरणभाताला पाऊण तास जातो, त्यातला निम्मा भात जमिनीवर असतो. तोवर चार वर्षांचा उन्हात पळतो. त्याला आत आणलं की सहा वर्षांची रडत येते, कारण आठ वर्षांच्याने तिचा खडू मोडला. दुपारी लाईट जाते, झोपलेलं बाळ घामाने उठतं, मग पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं. संध्याकाळी घरातले सगळे आले की कुणीतरी विचारतं, "मग, काय केलं दिवसभर?" सांगण्यासारखं काहीच नसतं. पापड मोजता येतात, हळदीची पोती मोजता येतात. लेकरू पडलं नाही, भाजलं नाही, उपाशी राहिलं नाही, हे मोजता येत नाही.

मोजायचा प्रयत्न सरकारने मात्र केलाय. २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झालं. माणसं चोवीस तास कशात घालवतात ते त्यात घराघरांत जाऊन विचारलं. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी अशी बिनपगारी घरकामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. लेकरं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची काळजी घेणाऱ्यांत बायकांची १३४ मिनिटं होती, पुरुषांची ७६. ही सरासरीही फक्त ही कामं करणाऱ्यांची आहे. मुळात घरकामाला दिवसभरात हात लावणारे पुरुष होते २६ टक्के, आणि बायका ८१ टक्के. २०२४ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं. घरकामाचे आकडे आले २८९ आणि ८८. दोघांचेही थोडे कमी झाले. पण २०१९ मध्ये दोघांत २०२ मिनिटांचा फरक होता, तो पाच वर्षांनी २०१ वर आला. पाच वर्षांत फक्त एक मिनिट कमी झालं.

आता दुसरी गोष्ट बघा, ही अभ्यासक्रमात सहसा येत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद केली गेली. कामावर येणाऱ्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमायचं आणि तिला बाकीच्यांसारखीच मजुरी द्यायची. २०२५-२६ साली महाराष्ट्रात ही मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे पाच लेकरं दिवसभर सांभाळणं हे खड्डे खोदण्याइतकंच काम आहे, हे देशाच्या संसदेने लिहून ठेवलं. सगळ्या कामांवर ते झालं का, हा वेगळा विषय. पण कायद्याला जे काम वाटलं, ते आपल्या ओसरीवर अजून काम वाटत नाही. तिथं पाच लेकरं सांभाळणारी ताई "घरीच असते".

हा प्रश्न जुना आहे

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचली असतील. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी आदिवासी लेकरांसाठी काम केलं. शाळा काढली तरी मोठी लेकरं येईनात. कारण शोधलं तर अगदी साधं निघालं. कुणाला गुरं राखायची होती, कुणाच्या कडेवर धाकटं भावंडं होतं. आई-बाप कामाला गेले की सात-आठ वर्षांची बहीणच आई व्हायची. मग या दोघींनी मुलींना उपदेश केला नाही. त्यांनी कडेवरचं बाळ ठेवायला शाळेशेजारी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आज गावोगाव आहे ती अंगणवाडी, हा शब्द आणि ही कल्पना, त्यांच्याच कामातून आली.

यात आपल्यासाठी मुद्दा काय? मुलीचं शिक्षण आणि घरातलं धाकटं लेकरू यांचा संबंध त्यांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच ओळखला होता. कोसबाडची आठ वर्षांची मुलगी आज आपल्याकडे एकोणीस वर्षांची झालीय एवढंच. ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या परीक्षेला बसते, तिचे पेपर बऱ्याचदा ऐन उन्हाळ्यात असतात, आणि पेपरांच्या मधल्या दिवसांत तिच्या कडेवर भाचा असतो. तिचा भाऊ त्याच परीक्षेसाठी गावातल्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. दोघांचे मार्क एकाच यादीत लागतात. तिला कमी पडले तर घरात म्हणतात, "तिचं अभ्यासात डोकं नाही."

आणखी एक गोष्ट घडते, ती जास्त गंभीर आहे. उन्हाळा म्हणजे सोयरिकींचे दिवस. घरात पाहुणे येतात, ताई लेकरांना भरवताना दिसते आणि कुणीतरी म्हणतं, "किती छान सांभाळती लेकरं, संसाराला लागली तर सोनं करील." बोलणारा कौतुकच करत असतो. पण तिची डिग्री, तिची नोकरीची तयारी, काहीच न विचारता तिची लायकी ठरते ती एवढ्यावरून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या घरात लेकरं सांभाळणं हे फक्त मुलीचं काम असतं, तिथं मुलगी लवकर "तयार" दिसायला लागते. त्याच घरात तिचा भाऊ पंचविशीतही "अजून पोरकट" राहू शकतो. सुट्टीतली ही वाटणी वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यातून मोठी वाटणी ठरत जाते.

मुलांची बाजू

इथं मुलं म्हणतील, आम्ही काय बसून असतो का? खरंय, सगळी बसून नसतात. हळदीची पोती उचलणारी, रात्री कुकरपाशी जागणारी, ट्रॅक्टर चालवणारी पोरं मी बघतो. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून ग्राऊंडवर पळणारीही आहेत. त्यांच्या कष्टाला कमी लेखायचं कारण नाही. पण एक फरक आहे. पोती उचलून झाली की काम संपतं. मग बाजेवर पडून आयपीएल बघायला कुणी अडवत नाही. लेकराचं काम संपत नाही. ते झोपलं की भांडी, ते उठलं की पुन्हा तेच. शेतातून आलेल्या माणसाला पाणी आणून देतात, दिवसभर लेकरांत राहिलेल्या मुलीला संध्याकाळी स्वयंपाकाला लावतात.

दुसरा युक्तिवाद असतो, "लेकरं आमच्याकडं राहतच नाहीत." राहत नाहीत, कारण तुम्ही फक्त पाच मिनिटं उचलता, गालगुच्चा घेता आणि रडायला लागलं की परत देता. लेकरू ज्याच्या हातून जेवतं, ज्याच्या मांडीवर झोपतं, त्याच्याकडे राहतं. आठ-दहा दिवस रोज ठरलेल्या वेळी एकच माणूस असला की ते त्याचं होतं.

तिसरा युक्तिवाद मुलं करत नाहीत, घरातली मोठी माणसं करतात : "गड्याचं काम आहे का ते?" इथं वाद घालून उपयोग नसतो. आजीशी तत्त्वावर भांडू नका. गपचूप उठा, भाच्याची अंघोळ घाला, भरवा. दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणेल, "दे त्याच्याकडं, त्याच्या हातनं खातंय ते." आपल्या घरांत नियम बोलून बदलत नाहीत, सवयीने बदलतात.

आणि मुलींनो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. भावाने लेकरू उलटं धरलं, डायपर वाकडा बांधला, भात सांडला, की "सोड, मीच करते" म्हणून ते हातातून काढून घेऊ नका. वाकडा बांधू द्या. पाचव्या वेळी सरळ बांधेल. तुम्हालाही कुणी जन्मतः शिकवून पाठवलं नव्हतं.

मोबाईल कशाला हातात येतो

मोबाईलवर सगळे बोलतात. "आजकालची लेकरं मोबाईलशिवाय जेवत नाहीत", "आयांना कंटाळा आलाय", वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसात एक तासाच्या आतच. कारण समजून घेण्यासारखं आहे. लेकरू भाषा शिकतं ते देवाणघेवाणीतून. ते "बू" म्हणतं, आपण "भू पायजे का, पाणी पायजे का?" म्हणतो, ते मान हलवतं, आपण पेला देतो. मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. लेकराने काही म्हटलं तरी त्याचं गाणं पुढेच चालतं.

पण मोबाईल लेकराच्या हातात का येतो, हे कुणी विचारत नाही. एकटी मुलगी पाच लेकरांत असते, एकाला झोपवायचं असतं, दुसरं ओरडत असतं, बाहेर ४३ डिग्री आहे म्हणून अंगणात सोडता येत नाही. अशा वेळी मोबाईल हाच तिचा एकमेव मदतनीस असतो. त्या मुलीला किंवा वहिनीला नावं ठेवण्याआधी तिच्या शेजारी दुसरं माणूस बसवा. दोन माणसं असली की एक झोपवतो, दुसरा बाकीच्यांना घेऊन ओसरीवर बसतो. खडूने चल्लस आखायला, चिंचोके मोजायला, सागरगोटे खेळायला, जुन्या वहीच्या कागदाच्या होड्या करायला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. स्क्रीन टाईम कमी करायचा असेल तर लेकरांमागे माणसांचा टाईम वाढवावा लागेल. दुसरा शॉर्टकट नाही.

हे काम शिकावं लागतं

लेकरं सांभाळणं कुणालाही आपोआप येत नाही. उन्हाळ्यात तर चूक महागात पडते. पाळी घ्यायची तर निदान एवढं माहीत असू द्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. उन्हाळा आहे म्हणून वरून पाणी पाजायचं नाही. आईच्या दुधात लागतं तेवढं पाणी असतं. आपल्या घरांत "घसा सुकला असंल" म्हणून चमचा-चमचा पाणी देतात, त्यातून जुलाब होऊ शकतात. त्यापेक्षा आईला जास्त पाणी द्या आणि बाळ जास्त वेळा अंगावर घेऊ द्या.

मोठ्या लेकरांना तहान सांगता येत नाही, खेळात ती विसरतात. तासातासाला आपणच पाणी पुढे करायचं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लेकरू सुस्त पडलं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, अंग तापून ते बडबडायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. दवाखाना गाठायचा.

पाण्याच्या टंचाईत घरभर ड्रम, बादल्या, हौद भरून ठेवलेले असतात. रांगणारं लेकरू वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. झाकण ठेवा, वर वजन ठेवा. शेतात विहीर आणि शेततळं आहे तिथं लेकरू एका मिनिटासाठीही एकटं नको. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, मोठ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही.

लोखंडी कुलरला अर्थिंग आहे का, ते सुट्टीच्या पहिल्या दिवशी बघून घ्या. ओल्या हाताने लेकरू कुलरच्या जाळीला लटकतं, हे सगळ्यांनी बघितलंय. पाणी भरताना प्लग काढा. हळदीच्या कुकरपासून, उकळत्या पाण्यापासून लेकरं लांब ठेवायला एक माणूस तिथं वेगळा हवा. जो कुकर बघतोय त्याने लेकरू पण बघावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. दारात उभी असलेली गाडी लॉक ठेवा. लेकरं खेळता-खेळता आत शिरतात, आणि बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते.

ही यादी वाचून "बापरे" वाटलं असेल तर ते योग्यच आहे. एवढं सगळं डोक्यात ठेवून ताई रोज दिवस काढते, आणि आपण म्हणतो ती घरीच असते.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट घरातली. एका कागदावर दिवसाचे चार भाग करा : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री झोपवणं. समोर नावं लिहा. मुलांची पण. काका-मामा असतील तर त्यांची पण. पेपर असेल त्याला त्या दिवशी सुट्टी. आपल्या पाळीत काही लागलं तर आपणच बघायचं, "ताई, हे रडतंय" म्हणून हाक मारायची नाही. सुरुवातीला दोन तास घ्या. दोन तासांत एका मुलीचा एक धडा वाचून होतो.

दुसरी गोष्ट गल्लीची. गल्लीत चार-पाच कॉलेजवाले असतातच. मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या सावलीच्या व्हरांड्यात सकाळी आठ ते दहा आसपासची लेकरं एकत्र बसवली, तर त्या दोन तासांत आठ-दहा घरांतल्या बायकांचे हात मोकळे होतात. गाणी, गोष्टी, चित्रं, पाणी पिण्याची सुट्टी, बस्स. शिबिर नको, बॅनर नको, उद्घाटन नको. दोन मुलं आणि दोन मुली रोज हव्यात, आणि रोज म्हणजे रोज.

तिसरी गोष्ट कॉलेजची. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं असतं. आपण झाडं लावतो, रस्ते झाडतो, रॅली काढतो. हळदीच्या सीझनमध्ये गावातली लेकरं सांभाळण्याचे तास त्यात का धरू नयेत? प्राध्यापकांकडे हा प्रस्ताव आपणच न्यायला हवा. अंगणवाडीताईंकडून आधी दोन दिवस शिकून घेतलं तर त्यांच्या कामाची किंमतही कळेल.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. आपल्या गावासाठी ते मागता येईल का, हे ग्रामसभेत विचारा. ग्रामसभेत गटार, रस्ता, सभामंडप यांवर तासभर बोलणं होतं. लेकरं कुठं ठेवायची हा प्रश्न कधी येत नाही, कारण ज्यांना तो रोज पडतो त्या त्या वेळी घरी लेकरं सांभाळत असतात. मतदानाचं वय झालेले आपण तिथं जाऊन तो मांडू शकतो.

यातलं सगळं एका उन्हाळ्यात होणार नाही. पण पहिल्या गोष्टीला कुणाची परवानगी, कुठला निधी, कुठला जीआर लागत नाही. आणि तिचा फायदा फक्त ताईला होतो असंही नाही. उद्या आपल्यातले बरेच जण पुण्याला, मुंबईला, हैदराबादला नोकरी करतील. नवरा-बायको दोघं कामाला, आजी गावाकडे, पाळणाघर महाग. तेव्हा तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढता येणं ही फार कामाची गोष्ट असेल. ती शिकायची सोय आज घरातच आहे, भाच्या-पुतण्यांच्या रूपाने, फुकट.

पावसाळा सुरू व्हायला आणि शाळा उघडायला अजून वेळ आहे. आज रात्री जेवण झाल्यावर तो कागद काढा, आणि उद्या दुपारच्या रकान्यात पहिलं नाव दादाचं लिहा.